निवाड्यातला ‘तुलनीय’ शब्द: अर्थ काय आणि तो सिद्ध कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा: हातकणंगले तालुक्यात रस्त्यासाठी 32 गुंठे बागायत रान गेलं. भूसंपादन अधिकाऱ्याच्या निवाड्यात, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या आदेशात, लिहिलंय, ‘सदर गावी तुलनीय व्यवहार आढळून आले नाहीत, सबब वार्षिक दर तक्त्यातील दर ग्राह्य धरण्यात येत आहे.’ पण बांधाला लागून असलेल्या गटातला 3 गुंठ्यांचा तुकडा दोन वर्षांपूर्वी रेडीरेकनरच्या (याच वार्षिक दर तक्त्याच्या) तिप्पट दरानं विकला गेला आहे. मग तो तुलनीय का नाही? आणि हा ‘तुलनीय’ शब्द ठरवतं कोण?

तुमचा खरा प्रश्न शब्दाच्या अर्थाचा नाही. तो व्यवहार कुणी, कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या आधारे दाखवायला हवा होता, हा आहे. पण अर्थापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण निवाड्यांत आणि अर्जांतही दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी हा एकच शब्द वापरला जातो.

   

पहिला अर्थ कायद्यातला. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 26 प्रमाणे बाजारमूल्य ठरवताना मुद्रांक कायद्याखालचा दर, म्हणजे आपल्याकडे रेडीरेकनर, आणि जवळच्या गावातल्या किंवा लगतच्या परिसरातल्या ‘समान प्रकारच्या’ जमिनींची सरासरी विक्री किंमत, या दोन्हींत जी रक्कम जास्त ती घ्यायची. खासगी कंपनी किंवा सरकारी-खासगी भागीदारीचा प्रकल्प असेल तर संमतीनं ठरलेली रक्कम हा तिसरा पर्याय. इथे शब्द ‘समान प्रकारची’ असा आहे, ‘तंतोतंत तशीच’ असा नाही. बागायतीसमोर बागायत, जिरायतीसमोर जिरायत, शेतीसमोर शेती. यादीत कोणते दस्त घ्यायचे, एवढंच हा शब्द ठरवतो.

दुसरा अर्थ निकालांतून आलेला. ‘तुलनीय विक्री’ ही जुन्या 1894 च्या कायद्याखाली न्यायालयांनी घडवलेली पद्धत आहे. तिच्यात एखादा दस्त घ्यायचा, तुमच्या जमिनीशी त्याचा फरक कुठे कुठे पडतो ते पाहायचं आणि त्या फरकापोटी दर वाढवायचा किंवा कमी करायचा. म्हणजे ‘तुलनीय’ म्हणजे सारखं नव्हे. फरक मोजता येईल इतकं जवळचं. दोन रानं शंभर टक्के सारखी कधीच नसतात. फरक सांगता आला आणि त्याचं पैशात रूपांतर करता आलं, तर व्यवहार तुलनीय. फरक इतका मोठा असेल की वजावट निव्वळ अंदाजानंच करावी लागेल, तर नाही.

1988 चा चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही या विषयाची बाराखडी आहे. त्यात अधिक आणि उण्या बाजूंची यादीच दिली आहे. दर वाढवणाऱ्या गोष्टी: क्षेत्र लहान, रस्त्याला लागून, रस्त्याकडची बाजू रुंद, वस्तीच्या जवळ, चौकोनी आकार, सपाट पातळी, आणि शेजाऱ्याला त्या जागेची खास गरज. कमी करणाऱ्या: क्षेत्र मोठं, रस्त्यापासून आत, तोंड अरुंद आणि खोली जास्त, खोलगट असल्यानं भरावाचा खर्च, वस्तीपासून दूर. क्षेत्रातल्या फरकापोटी तिथे साधारण 20 ते 50 टक्के वजावट सांगितली आहे. 2009 च्या लाल चंद निकालात विकासापोटीची, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या खर्चापोटीची, वजावट 20 ते 75 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असं म्हटलं आहे. 500 ते 1,000 चौरस यार्डांचा प्लॉट आणि 10,000 चौरस यार्डांचा पट्टा यांची थेट तुलना करता येत नाही, हेही त्याच 1988 च्या निकालात आहे. तुमच्या 3 गुंठ्यांचं दुखणं नेमकं हेच: 3 गुंठे म्हणजे सुमारे 363 चौरस यार्ड, 32 गुंठे म्हणजे जवळपास 3,900.

म्हणून आधी तो 3 गुंठ्यांचा दस्त काढून वाचा. एनए (बिगरशेती) प्लॉट आहे, की शेतजमिनीतला अविभक्त हिस्सा? एनए असेल तर ‘समान प्रकारची’ जमीनच नाही, आणि कलम 26 च्या यादीत तो बसवणं अवघड. शेतीचा हिस्सा असेल तर यादीत येतो. तरी लहान क्षेत्राचा आक्षेप येणार हे गृहीत धरा. आणखी एक शक्यता पाहा. घेणारा लगतच्या गटाचा मालक असेल आणि त्याला पाणंदीवर निघायला वाटच नसेल, तर त्यानं दिलेला दर हा त्याच्या अडचणीचा दर आहे, बाजाराचा नव्हे.

आता कोल्हापूरपुरतं बोलायचं तर साम्याचा मुद्दा इथे इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा होतो. 7/12 वर सगळीकडे ऊसच दिसतो, म्हणून सगळी जमीन एका माळेची असं अधिकाऱ्याला वाटू शकतं. प्रत्यक्षात पंचगंगेकाठची मळीची जमीन आणि गावाबाहेरचा माळ यांचा बाजार पूर्ण वेगळा. उसासाठी घेणारा मळीला जास्त देईल. प्लॉट पाडायच्या हेतूनं घेणारा निळ्या पूररेषेतल्या मळीकडे फिरकणारही नाही, मुरमाड माळाला मात्र दुप्पट मोजेल. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर तर घेणारा पूररेषेचा नकाशा आधी बघतो आणि विहीर नंतर. शिरोळ तालुक्यात क्षारपड हा आणखी एक फाटा: बांधाला बांध लागून असलेल्या दोन रानांत एक निचरा झालेलं आणि दुसरं पांढरं पडलेलं असू शकतं, आणि 7/12 वर दोन्ही बागायतच. असं असेल तर माती परीक्षणाचा अहवाल जोडल्याशिवाय फरक कागदावर येत नाही.

पाण्याचंही तसंच. स्वतःची विहीर, नदीवरची खासगी उपसा योजना, सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा हिस्सा, की पाटाचं पाणी, हे प्रत्येक दस्तात पाहावं लागतं. विकलेल्या जमिनीच्या मोबदल्यात विहीर, पाइपलाइन, घर, झाडं धरलेली असतील तर ती रक्कम आधी बाजूला काढा. तुमच्या विहिरीचं आणि झाडांचं मूल्यांकन कलम 29 प्रमाणे वेगळं होतं. ते बाजूला काढलं नाही तर समोरचा वकील ‘एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मागतात’ असं म्हणणार, आणि ते म्हणणं बरोबर असेल.

‘जवळचं गाव’ म्हणजे तालुक्यातलंच किंवा जिल्ह्यातलंच असं कायद्यात कुठेही नाही. वारणेपलीकडचं सांगली जिल्ह्यातलं गाव तुमच्या गटापासून दोन किलोमीटरवर असेल तर तिथले दस्त मागता येतात. ‘सदर गावी व्यवहार आढळले नाहीत’ हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे: गावात नाहीत म्हटल्यावर लगतच्या गावांत शोधले का, हे निवाड्यात लिहायला हवं होतं. आक्षेपाचा पहिला मुद्दा हाच घ्या. मात्र मध्ये नदी असेल आणि पूल दूर असेल तर नकाशावरचं अंतर आणि गाडीरस्त्याचं अंतर दोन्ही सांगा. लपवलं तर उलटतपासणीत निघतंच.

आता दस्त कसे जमवायचे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट नंबर टाकून सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळते. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे रकाने असतात; घाईत चुकीचा आकडा उचलला जातो. आपल्याला मोबदला हवा. बाजारभाव हा रेडीरेकनरनं काढलेला असतो, तोच पुन्हा तुलनेला लावला तर रेडीरेकनरची रेडीरेकनरशी तुलना केल्यासारखं होतं. कालावधी प्रारंभिक अधिसूचनेच्या (जमीन संपादित करायची असल्याच्या पहिल्या सरकारी जाहीर सूचनेच्या) आधीच्या तीन वर्षांचा घ्या; अधिसूचनेनंतरचा दस्त धरला जात नाही. रस्त्याची आखणी गावात कळल्यानंतर आणि अधिसूचनेआधी झालेले भडक दराचे दस्त संशयाच्या नजरेनं पाहिले जातात. तुमच्या यादीत असे एक-दोन असतील तर त्यांच्यावर सगळा भार टाकू नका.

नोंदणीकृत साठेखतही चालतं, कायद्यात तसं स्पष्ट म्हटलं आहे. नोटरीसमोर केलेली विसारपावती चालत नाही. एजंट सांगतो तो दर, वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ हेही चालत नाही. बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीपत्र आधीच वगळा. भावाभावांत किंवा पै-पाहुण्यांत झालेली खरेदी दर कमी दाखवते. ती यादीत आली असेल तर नातं सिद्ध करणारा कागद, फेरफार किंवा वारस नोंद, जोडून ती बाहेर काढायला सांगा. वर्ग 2 ची (विकायला सरकारी परवानगी लागणारी), वतनाची किंवा बँकेचा मोठा बोजा असलेली जमीनही बहुधा कमी दरानं गेलेली असते.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. गावोगावी खरेदीखतं रेडीरेकनरच्या आसपासच्या आकड्यावर लिहिली गेली, वरची रक्कम रोख झाली. मुद्रांक वाचला. आता भूसंपादनात तोच लिहिलेला आकडा पुरावा म्हणून समोर येतो, आणि ‘प्रत्यक्षात जास्त दिले होते’ हे तोंडी सांगून भागत नाही; नोंदवलेल्या दस्ताविरुद्ध असं तोंडी बोलणं न्यायालय सहसा ऐकत नाही. तुमच्या गावात ‘तुलनीय व्यवहार नाहीत’ यामागे हेही एक कारण असू शकतं. अशा वेळी बँकेनं कर्ज दिलेल्या खरेदी शोधा. तिथे पूर्ण मोबदला लिहिलेला असण्याची शक्यता जास्त.

हिशेबाकडे येऊ. कलम 26 चं स्पष्टीकरण सांगतं की तीन वर्षांतले दस्त घ्यायचे, त्यांतले सर्वाधिक किमतीचे निम्मे निवडायचे आणि त्या निम्म्यांचीच सरासरी काढायची. समजा तुम्हाला आठ दस्त मिळाले आणि गुंठ्याचा दर हजारांत असा निघाला: 62, 68, 75, 80, 95, 110, 118, 240. वरचे चार म्हणजे 95, 110, 118 आणि 240. सरासरी 1,40,750 रुपये. आता 240 वाला तुमचा 3 गुंठ्यांचा दस्त एनए म्हणून गेला. उरले सात. सातांचे निम्मे तीन की चार? कायद्यात विषम संख्येचं काय करायचं ते लिहिलेलं नाही. चार धरले तर 80, 95, 110, 118 ची सरासरी 1,00,750. तीन धरले तर 95, 110, 118 ची सुमारे 1,07,667. अर्जात तीनचा हिशेब मुख्य मागणी म्हणून आणि चारचा पर्यायी म्हणून द्या, दोन्ही आकडे कागदावर असू द्या.

इथे होणारी आणखी एक चूक: दस्तांची उतरंड लावताना एकूण मोबदला पाहिला जातो, दर नव्हे. दोन एकरांची स्वस्त जमीन एकूण रकमेत वर जाते आणि दहा गुंठ्यांची महाग जमीन खाली पडते. निवाड्याला जोडलेला तक्ता असेल तर आधी हेच तपासा. सगळे दस्त एकाच एककात आणा, शक्यतो चौरस मीटरमध्ये. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 1 गुंठा म्हणजे 101.17. फरक एका टक्क्याहून थोडा जास्त, पण कुणी गुंठ्यात, कुणी आरमध्ये मोजलं की तक्त्यावरचा विश्वास उडतो.

सर्वोच्च न्यायालयाचे आणखी दोन निकालही हाताशी ठेवा. शाजी कुरियाकोस (2001) मध्ये विक्री तुलनीय ठरायला काय लागतं ते सांगितलं आहे: व्यवहार खरा हवा, अधिसूचनेच्या आसपासच्या काळातला हवा, जमीन परिसरातली हवी, तशाच प्रकारची हवी आणि क्षेत्र तुलनेजोगं हवं. मेहरावल खेवाजी ट्रस्ट (2012) मध्ये सारख्या जमिनींच्या अनेक विक्री समोर असतील तर सर्वांत जास्त दराची खरी विक्री घ्यावी, सरसकट सरासरी काढू नये, असं म्हटलं. मात्र दोन्ही जुन्या कायद्याखालचे आहेत. नव्या कायद्यात सरासरीची पद्धत कलमातच लिहिलेली आहे, त्यामुळे दुसरा निकाल थेट लावण्याचा आग्रह धरला की युक्तिवाद भरकटतो. ‘समान’ या शब्दाचा अर्थ सांगायला आणि चुकीचे दस्त वगळायला त्यांचा उपयोग करा, हिशेबाची रीत बदलायला नको. त्याच कारणानं शेजारच्या गावाला आधीच्या संपादनात मिळालेला दर पुढे करू नका. या कायद्याखाली जिल्ह्यात पूर्वी दिलेली भरपाईची किंमत विचारात घ्यायची नाही, असं कलम 26 मध्येच आहे. अर्जदार सगळ्यात जोरात हाच मुद्दा मांडतात आणि तो सगळ्यात आधी पडतो.

विकासापोटीच्या वजावटीवर एक प्रतिवाद आहे. वजावट मुळात ले-आउटमधले रस्ते, गटारं, मोकळी जागा यांच्या खर्चासाठी असते. संपादनच रस्त्यासाठी असेल तर तिथे प्लॉट पाडायचे नाहीत, मग तो खर्च कुठला? न्यायालयांनी हा मुद्दा काही प्रकरणांत विचारात घेऊन वजावट कमी ठेवली आहे. मिळेलच असं नाही, पण मांडा.

आता पुरावा, कारण प्रकरणं बहुतेक इथेच पडतात. कलम 97 मुळे नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत पुराव्यात घेता येते, प्रत्येक वेळी घेणाऱ्या-देणाऱ्याला साक्षीला आणायची सक्ती नाही. पण दस्त किंमत सिद्ध करतो, साम्य सिद्ध करत नाही. ती जमीन तुमच्या जमिनीसारखी होती, हे दस्तात लिहिलेलं नसतं. त्यासाठी विकलेल्या गटाचा विक्रीच्या वर्षाचा 7/12 पीकपाहणीसह, गावनकाशावर दोन्ही गट रंगवून त्यांतलं अंतर, पाणंद किंवा रस्त्यापासूनची दूरी, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि हे सगळं शपथेवर सांगणारा माणूस लागतो. तो माणूस शक्यतो त्या व्यवहारातला घेणारा असावा. नुसत्या पंधरा प्रमाणित प्रती जोडल्या आणि साम्यावर एक ओळ नाही, असा अर्ज वजनानं जड आणि कामाला हलका. चार दस्त घ्या, पण प्रत्येकासमोर क्षेत्र, तारीख, दर, अंतर, पाणी, रस्ता, जमिनीचा पोत आणि फरक अशा रकान्यांचा तक्ता करा. फरकाच्या रकान्यात तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्टही लिहा. ती तुम्ही आधी लिहिली की तिच्यापोटी किती कमी करायचं हेही तुम्हीच सुचवू शकता.

रस्त्यानं रानाचे दोन तुकडे झाले असतील तर त्या नुकसानीची मागणी कलम 28 खाली वेगळी करा. दरात मिसळली की दोन्ही मुद्दे कमकुवत होतात.

एवढी खटपट कशासाठी, तेही आकड्यांत पाहा. बाजारमूल्याला ग्रामीण भागात 1 ते 2 या दरम्यानचा गुणांक लागतो, आणि मग तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे शंभर टक्के, वर मिळते. तुमच्या प्रकरणात गुणांक कोणता, हे संपादनाचा कायदा आणि त्या तारखेची राज्याची अधिसूचना पाहून ठरेल. महामार्गासाठी आणि इतर कामांसाठी तो एकच असेल असं गृहीत धरू नका. गुणांक 2 धरला तर मूळ दरातला एक हजाराचा फरक शेवटी चार हजारांचा होतो. रेडीरेकनर गुंठ्याला 70,000 आणि तुमची सरासरी 1,00,750 असेल, तर 30,750 गुणिले 4 गुणिले 32, म्हणजे 39 लाख 36 हजार रुपये. गुणांक 1 असेल तर याच्या निम्मे.

शेवटी मुदत, जी तुमच्या प्रश्नात कुठेच दिसली नाही. नोटिशीवर कोणता कायदा लिहिला आहे ते आज पाहा. 2013 च्या कायद्याखालचं संपादन असेल तर कलम 64 प्रमाणे संदर्भाचा अर्ज, म्हणजे प्रकरण भरपाई ठरवणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवा असा अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांकडे: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या तारखेपासून 6 आठवडे; नसाल तर नोटीस मिळाल्यापासून 6 आठवडे किंवा निवाड्यापासून 6 महिने, यांतली आधी संपेल ती मुदत. सबळ कारण दाखवलं तर पुढे एक वर्षापर्यंत अर्ज घेता येतो. प्राधिकरणाच्या निर्णयावर 60 दिवसांत उच्च न्यायालयात अपील, आणि ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्यानं त्यासाठी मुंबईला जायला नको. राष्ट्रीय महामार्ग असेल तर वाट वेगळी: भरपाईच्या या तरतुदी 1 जानेवारी 2015 पासून तिथेही लागू आहेत, पण बाजारमूल्याची तारीख राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3अ च्या अधिसूचनेची, दाद कलम 3ग(5) प्रमाणे लवादाकडे, आणि त्यानंतर लवाद कायद्याच्या कलम 34 खाली कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात 3 महिन्यांत, फार तर आणखी 30 दिवस. त्या टप्प्यावर न्यायालय नव्यानं पुरावा तपासून दर ठरवत नाही. म्हणून तक्ता, नकाशा आणि साक्षीदार सगळं लवादापुढेच यायला हवं.

पैसे अजून उचलले नसतील तर उचलताना ‘हरकत राखून स्वीकारले’ असं पावतीवर लिहा आणि त्याची पोच घ्या. 2013 च्या कायद्यात हरकत न नोंदवता रक्कम घेतली की कलम 64 चा अर्ज करताच येत नाही, मग तुमचे दस्त कितीही तुलनीय असोत. संमतिपत्रावर सही झाली असेल तर ते आधी वकिलाला दाखवा. आणि निवाड्याची संपूर्ण नक्कल, दराच्या तक्त्यासह, आजच मागा. अधिकाऱ्यानं कोणते दस्त पाहिले आणि कोणते सोडले हे त्या तक्त्याशिवाय कळणार नाही.